कॉलेज कुस्तीचा संघ: दुखापत अधिक महागात पडते की प्रशिक्षकाचे जाणे?

मैदानवाचक
अमेरिकेतील कॉलेज कुस्तीत एखादा संघ वर चढला किंवा घसरला की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते: कोणाचा गुडघा गेला आणि कोणता प्रशिक्षक कुठे गेला. या दोहोंपैकी संघाचे भवितव्य अधिक कशाने ठरते, यावर इथल्या जाणकारांची मते वाचायला आवडतील.

माझे मत आधीच मांडतो. दुखापत फार तर एक-दोन हंगाम नेते, पण चांगला प्रशिक्षक गेला तर दहा वर्षे जातात. आयोवा स्टेट विद्यापीठाचेच पाहा. केल सँडरसन हे तिथलेच मल्ल. १९९९ ते २००२ या चारही वर्षी ते राष्ट्रीय विजेते ठरले, १५९ कुस्त्या खेळले आणि एकही हरले नाहीत. २००४ मध्ये अथेन्सला त्यांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि २००६ मध्ये ते आपल्याच विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तीनच हंगामांनंतर, एप्रिल २००९ मध्ये, ते पेन स्टेट विद्यापीठाला निघून गेले. आयोवा स्टेटला यायचे ठरवलेला डेव्हिड टेलर हा मल्लसुद्धा त्यांच्यामागोमाग पेन स्टेटला गेला. २०११ ते २०२५ या काळात पेन स्टेटने १२ सांघिक विजेतेपदे मिळवली. २०२० ची स्पर्धा करोनामुळे झालीच नाही. २०१५ ला ओहायो स्टेट आणि २०२१ ला आयोवा (हे आयोवा स्टेटहून वेगळे विद्यापीठ), एवढेच काय ते दुसऱ्यांच्या वाट्याला आले. २०१० नंतर आयोवा स्टेटला पुन्हा पहिल्या चारांत दिसायला २०२४ साल उजाडावे लागले. कोणत्याही मल्लाच्या गुडघ्याने एवढी उलथापालथ केल्याचे मला आठवत नाही.

नीरजा
विषय उत्तम आहे. पण आपल्याकडे कुस्ती म्हटले की एकटा पैलवान आणि एकटी गदा डोळ्यांसमोर येते. सांघिक विजेतेपद ठरते कसे, हे कोणी समजावून सांगेल का? त्याशिवाय एका मल्लाच्या दुखापतीने संघाचे किती बिघडते, याचा अंदाज येणार नाही.

आकडेमोड
नीरजाताई, हिशेब सोपा आहे. १२५ पौंडांपासून २८५ पौंडांपर्यंत दहा वजनगट असतात आणि प्रत्येक गटात विद्यापीठाचा एकच मल्ल उतरतो. मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेत एका गटात ३३ मल्ल असतात आणि पहिल्या आठांना क्रमांकाचे गुण मिळतात. पहिल्याला १६, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १० आणि असे उतरत आठव्याला ३. शिवाय मुख्य फेऱ्यांत, अंतिम कुस्ती सोडून, प्रत्येक विजयाला एक गुण, आणि कोणतीही कुस्ती चितपट केल्यास आणखी दोन. म्हणजे विजेता मल्ल निव्वळ जिंकत गेला तरी २० गुण आणतो, आणि पाचही कुस्त्या चितपट केल्या तर ३०. एका मल्लाची याहून अधिक कमाई होऊ शकत नाही.

आता हा हिशेब मैदानवाचक यांच्या मताला लावून पाहू. आयोवाचा स्पेन्सर ली २०१८, २०१९ आणि २०२१ चा १२५ पौंडांचा विजेता. जानेवारी २०२२ मध्ये त्याने दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी हंगाम सोडला. त्या वर्षी पेन स्टेटचे गुण होते १३१.५ आणि तिसऱ्या आलेल्या आयोवाचे ७४. फरक ५७.५. ली धडधाकट असता आणि त्याने पूर्ण ३० गुण आणले असते, तरी विजेतेपद हाती लागले नसते. इथपर्यंत मैदानवाचक यांचे म्हणणे टिकते.

२०१८ मध्ये मात्र चित्र निराळे होते. पेन स्टेट १४१.५, ओहायो स्टेट १३३.५, म्हणजे अवघ्या आठ गुणांचे अंतर. त्या हंगामाच्या मध्यावर पेन स्टेटच्या जेसन नॉल्फचा गुडघा दुखावला होता आणि तो मार्चपर्यंत उभा राहील की नाही, याची खात्री नव्हती. तो उतरला आणि त्याने आपला गट जिंकला. तो घरी बसला असता, तर चषक ओहायो स्टेटकडे गेला असता. दोन संघ तुल्यबळ असतील तेव्हा एकच गुडघा निकाल फिरवतो. एरवी दुखापत हे केवळ सांगायला सोपे कारण असते.

जुनाप्रेक्षक
आकडेमोड यांच्या मांडणीत एक भर घालतो. २००१ मध्ये मिनेसोटाने विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांचा एकही मल्ल अंतिम फेरीत नव्हता, पण दहाच्या दहा मल्ल पहिल्या आठांत होते. आणि २०२१ मध्ये पेन स्टेटचे चार मल्ल विजेते ठरले, आयोवाचा फक्त एक, स्पेन्सर ली. तरीही आयोवा १२९ विरुद्ध ११३.५ असे जिंकले. ज्या संघाच्या दहाही गटांत दम आहे, त्याला एखादी दुखापत पचते. दोन-तीन ताऱ्यांवर तरलेला संघ मात्र पहिल्याच गुडघ्याबरोबर बसतो. आणि दहा गट भरलेले ठेवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे, म्हणून दोन्ही प्रश्न अखेर एकाच ठिकाणी येऊन मिळतात असे मला वाटते.

पण प्रशिक्षक बदलला की लगेच संघ बदलतो, या समजाला माझा विरोध आहे. आयोवाचे डॅन गेबल यांनी १५ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून १९९७ च्या हंगामानंतर पद सोडले. त्या शेवटच्या हंगामात त्यांच्या स्वतःच्याच खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती, ओक्लाहोमा स्टेटचे पारडे जड मानले जात होते, आणि तरीही त्यांच्या संघाने पाच विजेत्यांसह १७० गुणांचा विक्रम केला, जो २०२४ पर्यंत कोणी मोडू शकले नाही. त्यांच्यामागून आलेल्या जिम झॅलेस्की यांनी १९९८, १९९९ आणि २००० अशी ओळीने तीन विजेतेपदे जिंकली. सगळे म्हणाले, परंपरा अखंड आहे. पुढे मात्र चषक मिनेसोटाकडे आणि ओक्लाहोमा स्टेटकडे जात राहिला आणि २००६ मध्ये झॅलेस्कींना जावे लागले. पहिल्या तीन वर्षांतले बहुतेक मल्ल गेबल यांच्या काळात निवडलेले होते. नव्या प्रशिक्षकाची खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या वर्षी, आधीच्याने आणलेली मुले पदवी घेऊन गेल्यावर सुरू होते. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या निकालावरून कोणाला डोक्यावर घेऊ नये आणि कोणाला पायदळी तुडवू नये.

शुभदा_फिजिओ
मी पेनसिल्व्हेनियात शाळकरी मल्लांसोबत काम करते, म्हणून दुखापतीच्या बाजूने थोडे सविस्तर लिहिते.

वरील सर्व प्रतिसादांत दुखापत ही आभाळातून पडल्यासारखी मांडली आहे. काही दुखापती तशा असतातही, परंतु पुष्कळशा दुखापती तालमीच्या खोलीतील शिस्तीतून किंवा बेशिस्तीतून येतात, आणि ती शिस्त प्रशिक्षक लावतो. सगळ्यात कमी चर्चा होणारे उदाहरण त्वचेचे आहे. स्पर्धेच्या सकाळी वजनाच्या वेळी मुले आखूड चड्डीत रांगेने उभी राहतात आणि तपासनीस एकेकाची मान, कानामागची जागा, केसांच्या मुळांपर्यंतची कातडी बॅटरीच्या उजेडात पाहतो. रुपयाएवढा लाल चट्टा किंवा पाणी धरलेल्या फोडांचा झुपका दिसला की त्या मुलाची कुस्ती तिथेच संपते. नागीण ज्या कुळातली, त्याच कुळातल्या विषाणूचा संसर्ग मल्लांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर होतो, आणि सराव जोडीने होत असल्याने एकाचा संसर्ग आठवडाभरात चौघांपर्यंत पोहोचतो. गाद्या रोज जंतुनाशकाने पुसणे, सराव संपल्यावर लगेच अंघोळ, टॉवेल वेगळे ठेवणे, एवढ्यावर हे आटोक्यात राहते. ज्या खोलीत प्रशिक्षक याकडे दुर्लक्ष करतो, तिथला अर्धा संघ ऐन फेब्रुवारीत बाहेर बसलेला मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट वजन उतरवण्याची. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतील तीन कॉलेज मल्ल वजन घटवताना मरण पावले. घाम काढण्यासाठी रबरी पोशाख घालून तापलेल्या खोलीत व्यायाम करायचा, पाणी पूर्ण तोडायचे, असा तो प्रकार होता. त्यानंतर नियम बदलले, रबरी पोशाखांवर बंदी आली आणि वजन कुस्तीच्या आदल्या दिवशी न करता थोडाच वेळ आधी होऊ लागले. हा बदल मुलांनी जीव गमावल्यावर झाला, हे विसरता कामा नये.

आणि स्पेन्सर लीबद्दल. २०२१ ची अंतिम कुस्ती त्याने दोन्ही गुडघ्यांचे एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारे आतले लिगामेंट, फाटलेले असताना जिंकली, हे त्याने नंतर सांगितले. त्याच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे, परंतु माझ्याकडे येणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले हे उदाहरण देऊन पट्टी बांधा आणि सोडा म्हणतात, तेव्हा मला धडकी भरते. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत कुस्ती खेळायला नऊ महिने ते वर्ष लागते. घाई केलेला गुडघा पुन्हा फाटतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या पायाचाही जातो.

पंचगंगेकाठचा
शुभदाताईंचा प्रतिसाद प्रत्येक तालमीत वाचून दाखवावा असा आहे.

मी तांबड्या मातीत वाढलो आणि नंतर गादीवर आलो, म्हणून गुडघ्याचे थोडे सांगू शकतो. हौद्यातली माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून भुसभुशीत केलेली असते. अनवाणी पाय तिच्यात रुततो, पण वळतोसुद्धा. गादीवर बुटाचा तळ घट्ट धरून ठेवतो आणि अंग वळले तरी पाऊल वळत नाही. मी पट काढायला घुसलो असताना समोरच्याने भार टाकला, अंग फिरले, बूट जागच्या जागी राहिला आणि गुडघ्यातून कडकन आवाज आला. आमच्याकडे त्या वेळी कोणी फिजिओ नव्हता. हळदीचा लेप लावून, चोळून, मला काही आठवड्यांत पुन्हा जोर-बैठकांना लावले. वस्तादांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना स्वतःलाही तसेच वागवले गेले होते. पण माझी कुस्ती तिथे संपली.

आपल्याकडच्या कॉलेज कुस्तीचा विषय काढायचा तर खाशाबा जाधव आठवतातच. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. हेलसिंकीच्या प्रवासासाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर ७००० रुपयांना गहाण ठेवले. पुढे मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना पुढचे ऑलिंपिक गाठता आले नाही. पाठीशी उभे राहणारे माणूस मल्लाला कुठवर नेते आणि गुडघा त्याला कुठे थांबवतो, हे एकाच आयुष्यात पाहायला मिळते.

गुरू बदलण्याचेही उदाहरण आपल्या घरचे आहे. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली घडला. २०११ मध्ये बिराजदार गेले आणि नंतर काका पवारांनी त्याला पुढे नेले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत त्याने ६१ किलो गटात कांस्य घेतले, तेही अमेरिकेच्या टायलर ग्राफला हरवून. हा ग्राफ विस्कॉन्सिन विद्यापीठाचा मल्ल आणि २०१४ च्या कॉलेज स्पर्धेतील उपविजेता. गुरू गेल्यानंतरही मल्ल उभा राहू शकतो, जर पुढचा गुरू आधीच्याची घडण ओळखून तिच्यावर काम करणारा असेल.

मैदानवाचक
पंचगंगेकाठचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गादीवरच्या बुटाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

आपल्या मल्लांचा आणि इथल्या कॉलेज कुस्तीचा आणखी एक धागा सांगतो. शस्त्रक्रियांनंतर स्पेन्सर ली परतला, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५७ किलो गटात त्याने रौप्यपदक जिंकले. त्याच गटात आपल्या अमन सेहरावतने कांस्य घेतले. अमनने ज्याला हरवले तो पोर्तो रिकोचा डॅरियन क्रूझ, म्हणजे लिहाय विद्यापीठाचा २०१७ चा १२५ पौंडांचा कॉलेज विजेता.

ब्लूरिजवासी
मी व्हर्जिनियात राहतो आणि या चर्चेत व्हर्जिनिया टेकचा उल्लेख झालाच पाहिजे असे मला वाटते, कारण प्रशिक्षक गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय होते हे तिथे स्पष्ट दिसते.

२००६ मध्ये झॅलेस्कींच्या जागी आयोवाने टॉम ब्रँड्स यांना नेले, ते व्हर्जिनिया टेकमधून. त्यांनी नुकतीच निवडलेली ब्रेंट मेटकाफ, जे बोर्शेल यांच्यासारखी गुणी मुले त्यांच्यामागे निघाली. विद्यापीठाने त्यांना मोकळे करण्यास नकार दिला, आणि त्या मुलांना एक अख्खे वर्ष स्पर्धेविना काढावे लागले. मेटकाफने पुढे २००८ आणि २०१० मध्ये, तर बोर्शेलने २०१० मध्ये आयोवाकडून विजेतेपद मिळवले, आणि आयोवाने २००८ ते २०१० अशी तीन वर्षे सांघिक चषक नेला. इकडे व्हर्जिनिया टेकच्या हाती रिकामी खोली आली. त्यांनी केव्हिन ड्रेसर या शाळेत शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला बोलावले आणि त्यांनी अकरा वर्षांत तो संघ देशातल्या आघाडीच्या संघांत नेऊन बसवला. २०१७ मध्ये ड्रेसर आयोवा स्टेटला गेले, म्हणजे सँडरसन यांच्या जाण्यानंतर खचलेल्या त्याच संघाकडे. मैदानवाचक यांनी २०२४ च्या चौथ्या क्रमांकाचा उल्लेख केला, तो ड्रेसर यांच्याच कारकिर्दीतला. आणि व्हर्जिनिया टेक त्यानंतरही कोलमडले नाही. सहायक असलेले टोनी रोबी मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१९ मध्ये मेकाय लुईस त्या विद्यापीठाचा पहिला राष्ट्रीय विजेता ठरला.

२००६ चा बदल आणि २०१७ चा बदल यांत फरक इतकाच की दुसऱ्या वेळी खोलीतलाच माणूस वर आला. सरावाच्या वेळा, जोडीदार, मुलांचे स्वभाव, सगळे त्याला ठाऊक होते. प्रशिक्षक जाण्याने संघ बुडतो असे म्हणण्यापेक्षा, कोणती माणसे मागे राहतात त्यावर सगळे ठरते असे मी म्हणेन. पेन स्टेटचे यशही एकट्या सँडरसन यांचे नाही. त्यांचे बंधू कोडी आणि केसी कनिंगहॅम हे दोघे आयोवा स्टेटहून त्यांच्यासोबत आले आणि अजून तिथेच आहेत.

आकडेमोड
ब्लूरिजवासी यांनी सांगितलेली एक वर्षाची शिक्षा आता राहिलेली नाही, आणि त्यामुळे जुनाप्रेक्षक यांचा चौथ्या-पाचव्या वर्षाचा नियम सैल झाला आहे. २०२१ पासून मल्लाला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागले आणि पुढे नियम आणखी मोकळे झाले. २०२४ मध्ये जॉन स्मिथ तीन दशकांहून अधिक काळानंतर ओक्लाहोमा स्टेटमधून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डेव्हिड टेलर आले, तेच टेलर ज्यांचा उल्लेख पहिल्या प्रतिसादात आहे. पहिल्याच हंगामात त्यांचा संघ तिसरा आला. एअर फोर्स अकादमीहून आलेल्या वायट हेंड्रिक्सनने ऑलिंपिक विजेत्या गेबल स्टीव्हसनला ५-४ असे हरवले, आणि विस्कॉन्सिनहून आलेला डीन हमिटी १७४ पौंडांचा विजेता ठरला.

जुनाप्रेक्षक
मान्य आहे, पण तयार मल्ल आणून मिळालेला तिसरा क्रमांक आणि अठरा वर्षांच्या मुलाला घडवून मिळवलेले विजेतेपद यांना मी एका मापाने मोजणार नाही. टेलर यांची परीक्षा मी तरी चौथ्या वर्षीच घेईन.

न्यूजर्सीचा_पालक
माझा मुलगा इथल्या शाळेच्या संघात आहे आणि पुढच्या वर्षी कॉलेजची निवड करायची आहे, म्हणून ही चर्चा मी वही घेऊन वाचत आहे. एका प्रशिक्षकाने आमच्या घरी येऊन चार वर्षांची योजना सांगितली आणि दोन महिन्यांनी तो दुसऱ्या विद्यापीठात गेला. मुलगा आठवडाभर गप्प होता. शुभदाताई, भेटीला गेल्यावर मी नेमके काय पाहावे आणि काय विचारावे?

शुभदा_फिजिओ
दादा, तीन प्रश्न विचारा. जखमी मल्लाला पुन्हा गादीवर सोडण्याचा अंतिम शब्द डॉक्टरचा की प्रशिक्षकाचा, हे सर्वांत आधी. दुसरे, मागच्या दोन वर्षांत शस्त्रक्रिया झालेली मुले सध्या कुठे आहेत. संघात असतील तर त्यांच्यापैकी एकाशी पालकांविना मुलाला बोलू द्या. तिसरे, मुलाने कोणत्या वजनगटात खेळावे असे त्यांना वाटते. संघात एखादा गट रिकामा आहे म्हणून वाढत्या वयाच्या मुलाला खालच्या गटात कोंबणारा प्रशिक्षक कितीही गोड बोलला तरी तिथे जाऊ नका.

प्रशिक्षक पाहताना सहायकांकडेही लक्ष द्या. ब्लूरिजवासी यांनी सांगितलेले खरे आहे. रोज मुलाच्या अंगाला अंग लावून सराव घेणारे तेच असतात.

आकडेमोड
डॉक्टरच्या अंतिम शब्दावरून २०२४ चा कार्टर स्टारोची आठवला. पेन स्टेटच्या या मल्लाचा गुडघा हंगामाच्या अखेरीस दुखावला, तेव्हा बिग टेन या विभागीय स्पर्धेत तो दुखापतीच्या कारणाने बाहेर पडला. राष्ट्रीय स्पर्धेत मानांकन घसरून नववे झाले, पण गुडघ्याला दोन आठवडे मिळाले. त्याने तो गट जिंकला, आणि २०२५ मध्ये करोनाकाळातील जादा वर्षाचा लाभ घेऊन पाचवे विजेतेपद मिळवले, जे याआधी कोणीही मिळवले नव्हते. विभागीय पदक हातचे सोडायची तयारी संघाने दाखवली, हे मला विजेतेपदाइतकेच मोठे वाटते.

मैदानवाचक
मूळ प्रश्नाकडे येतो. प्रशिक्षकाच्या जाण्याचा परिणाम अधिक काळ टिकतो, हे माझे मत कायम आहे, पण शुभदाताई आणि आकडेमोड यांच्या प्रतिसादांमुळे त्याला एक कारण मिळाले, जे मी मांडले नव्हते. दुखापतीनंतर मल्लाचे काय होणार, हे ठरवणारा माणूसच प्रशिक्षकासोबत जातो किंवा येतो.

नीरजा
मला एक गोष्ट विचारायची आहे. मुलींच्या कुस्तीला इथे २०२६ पासून पूर्ण दर्जाची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा मिळाली आणि आयोवा विद्यापीठाने क्लॅरिसा चुन या माजी जगज्जेत्या मल्लाच्या हाती मुलींचा संघ सोपवला आहे. या संघांच्या मागे ना जुना वस्ताद, ना जुनी शिस्त. मग तिथे पहिल्या प्रशिक्षिकेचे महत्त्व आणखी वाढते का?

शुभदा_फिजिओ
नक्कीच वाढते, आणि दुखापतीच्या बाजूनेही वाढते. अनेक खेळांत मुलींना एसीएलच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले आहे, आणि उडी मारून जमिनीवर उतरण्याचे, मांडीच्या मागच्या स्नायूंचे, तोल सांभाळण्याचे व्यायाम नियमित केल्यास तो कमी होतो. मुलांच्या संघाचा जुना सराव जसाच्या तसा मुलींना लावला तर हे व्यायाम त्यात नसतात. नव्या संघात ते पहिल्या दिवसापासून घालता येतात. न्यूजर्सीचे दादा, तुमच्या मुलालाही ते आजपासून सुरू करू द्या; रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात. व्यायामांची माहिती वेगळा धागा काढून लिहिते.